विश्लेषण : खाण बंद पडली की गाव ओस का पडते? आफ्रिकेच्या वाळवंटातले कोलमानस्कोप, वरोरा आणि वणीचा कोळसा पट्टा

कळंबहून वर्ध्याला रेल्वेने जाता येऊ लागले ते २८ फेब्रुवारी २०२४ पासून. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गाचा कळंबपर्यंतचा टप्पा त्या दिवशी सुरू झाला. कळंबकरांसाठी ही नवलाई आहे. पण वर्ध्याला गाडी बदलून दक्षिणेकडे निघाले की हिंगणघाटनंतर वरोरा लागते आणि तो मार्ग दीडशे वर्षांच्या घरात पोहोचलेला आहे. १८७०च्या दशकात तो टाकण्यामागे मुख्य कारण होते वरोऱ्याचा कोळसा. तिथली सरकारी खाण १९०६ मध्ये बंद झाली. रेल्वे मात्र राहिली आणि वरोराही राहिले.

सगळ्या खाण गावांच्या नशिबी हे येत नाही. आफ्रिकेच्या नैर्ऋत्येला, नामिबियाच्या वाळवंटात कोलमानस्कोप नावाचे गाव आहे. तिथे एकेकाळी दवाखाना, शाळा, नाट्यगृह आणि बर्फाचा कारखाना होता. आज घरांच्या खोल्यांत कमरेइतकी वाळू साचली आहे आणि राहायला एकही माणूस नाही. एक खाण गाव टिकते आणि दुसरे ओस पडते, ते कशामुळे? कळंबपासून शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर असलेल्या वणीच्या कोळसा पट्ट्यासाठी या प्रश्नाचे उत्तर का महत्त्वाचे आहे?

कोलमानस्कोप वसले कसे?

१९०८ मध्ये हा भाग जर्मन साम्राज्याची वसाहत होता. ल्युडेरिट्झ या बंदरातून आत जाणाऱ्या रेल्वेमार्गावर वाळू उपसण्याचे काम सतत चाले. ते करणाऱ्या झकारियास लेवाला या मजुराला वाळूत एक चमकणारा खडा सापडला. त्याने तो आपल्या वरिष्ठाला, ऑगस्ट श्टाउखला नेऊन दाखवला. तो हिरा निघाला. श्टाउखने परिसरात उत्खननाचे हक्क मिळवले आणि तो गडगंज श्रीमंत झाला. लेवालाच्या पदरी काही पडल्याची नोंद नाही.

बातमी फुटताच जर्मन सरकारने मोठा प्रदेश ‘प्रवेश निषिद्ध’ म्हणून जाहीर केला आणि ल्युडेरिट्झपासून काही किलोमीटरवर कोलमानस्कोप उभे राहिले. हिरे इतक्या वरच्या थरात होते की मजूर गुडघ्यांवर रांगत वाळूतून ते वेचत. १९१२ मध्ये या भागातून वर्षभरात सुमारे दहा लाख कॅरेट हिरे निघाले. जगातल्या तेव्हाच्या उत्पादनाचा तो दहाव्या हिश्शापेक्षा मोठा वाटा होता. भरभराटीच्या काळात तिथे सुमारे ३०० जर्मन प्रौढ, ४० मुले आणि ८०० ओवांबो कंत्राटी मजूर राहत. जर्मन कुटुंबांसाठी बंगले होते, मजुरांसाठी बराकी. दवाखान्यात क्ष-किरण यंत्र होते. त्याचा उपयोग हाडे तपासण्यापुरता नव्हता, कोणी मजुराने हिरा गिळला आहे का हेही त्यावर पाहिले जाई.

मग ते ओस का पडले?

हिरे संपले म्हणून, असे थोडक्यात सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या फौजांनी हा प्रदेश घेतला. युद्धानंतर हिऱ्यांच्या किमती घसरल्या आणि वरच्या थरातला माल कमी होत गेला. निर्णायक घाव मात्र १९२८ मध्ये बसला. दक्षिणेला ऑरेंज नदीच्या मुखाजवळ त्याहून मोठे आणि मोलाचे हिरे सापडले. कंपनीने यंत्रे, पैसा आणि माणसे तिकडे वळवली. पुढे ओरान्येमुंड नावाची नवी वसाहतही तिकडेच उभी राहिली. कोलमानस्कोप लगेच रिकामे झाले नाही. आधी काम कमी झाले, मग कार्यालय हलले, मग दवाखाना. शेवटची कुटुंबे गेली ती १९५६ मध्ये.

त्या गावात पिण्याचे पाणीही नव्हते. सुरुवातीच्या काळात ते हजारेक किलोमीटरवरच्या केप टाउनहून जहाजाने येत असे. वीज, किराणा, डॉक्टर, शाळामास्तर, सगळे खाणीच्या जिवावर येत होते. जवळचे ल्युडेरिट्झ मात्र टिकले. वाळवंट तेच, हिऱ्यांची लाट तीच, पण त्याच्याकडे बंदर होते आणि मासेमारी होती. हिरे गेल्यावर ल्युडेरिट्झची कमाई घटली, कोलमानस्कोपचे मात्र पाणीच तुटले.

खनिज संपणे हेच एकमेव कारण असते का?

नाही. जगातल्या आणि भारतातल्या उदाहरणांवरून किमान चार कारणे दिसतात. त्यांपैकी तिघांत खनिज जमिनीत शिल्लक असूनही खाण बंद पडते.

पहिले कारण, दुसरीकडे चांगला साठा सापडणे. कोलमानस्कोप हे त्याचे उदाहरण.

दुसरे, पर्याय निघणे. चिलीच्या अटाकामा वाळवंटात हम्बरस्टोन हे सोरा काढणाऱ्यांचे गाव होते. खत आणि स्फोटके दोन्हींसाठी जगाला तिथला सोरा लागे. जर्मनीत हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याचा कारखाना १९१३ मध्ये सुरू झाला आणि पुढच्या काही दशकांत नैसर्गिक सोऱ्याची बाजारपेठ कोसळली. १९६०च्या सुमारास हम्बरस्टोन रिकामे झाले. २००५ मध्ये ‘युनेस्को’ने त्याला जागतिक वारसा यादीत घेतले.

तिसरे, खर्च उत्पन्नापेक्षा जास्त होणे. कर्नाटकातल्या कोलार गोल्ड फील्ड्समध्ये खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या. तितक्या खोलवर हवा पोहोचवायची, पाणी उपसायचे, माणसे उतरवायची आणि दगडातले सोन्याचे प्रमाण मात्र घटत चाललेले. सरकारी कंपनीने २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाण बंद केली. केजीएफ पूर्ण ओस पडले नाही, कारण रेल्वेने बेंगळूरु गाठता येते. हजारो माणसे रोज पहाटे कामासाठी तिकडे जातात आणि रात्री परततात. गाव राहिले, पण कमाईसाठी दुसऱ्या शहरावर अवलंबून.

चौथे, कायद्याचा किंवा न्यायालयाचा निर्णय. गोव्यात २०१२ मध्ये लोहखनिजाच्या खाणी थांबल्या. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि १५ मार्चनंतर उत्खनन पुन्हा बंद झाले. जमिनीतले खनिज तसेच होते. पण कर्ज काढून घेतलेले ट्रक आणि बार्ज दारात उभे राहिले.

वणीच्या कोळशाचा विचार करताना ही चारही कारणे लक्षात ठेवायला हवीत. ‘अजून पुष्कळ कोळसा आहे’ हे उत्तर पहिल्या तीन कारणांपुढे टिकत नाही आणि चौथ्यापुढेही नाही.

वरोरा का वाचले?

वरोऱ्याची खाण बंद झाली तेव्हा जवळपास कोलमानस्कोपसारखीच स्थिती होती. तिथला काढण्याजोगा कोळसा संपत आला होता आणि दक्षिणेला बल्लारपूर भागात नवी खाण पुढे येत होती. फरक एवढाच की वरोरा केवळ कोळशावर उभे नव्हते. भोवती काळी जमीन होती, कापसाचा बाजार होता, जिनिंग-प्रेसिंग होते. कोळशासाठी आलेली रेल्वे कापूसही नेत होती. हाच मार्ग पुढे बल्लारशाहमार्गे काझीपेठला जोडला गेला आणि १९२९ पासून दिल्ली-मद्रास वाहतूक इथून होऊ लागली. एका खाणीसाठी आलेली शाखा देशाचा प्रमुख मार्ग बनली. पुढे १९४९ मध्ये बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर आनंदवन उभे राहिले. आज वरोऱ्याचे नाव देशात घेतले जाते ते आनंदवनामुळे. जुनी सरकारी खाण फारच थोड्यांना आठवते.

म्हणजे गाव टिकते ते पायांच्या संख्येवर. कळंबचेच पाहा. तालुक्याचे ठिकाण, चिंतामणी गणेशाचे मंदिर, कापूस-तूर-सोयाबीनची शेती, नागपूर-तुळजापूर महामार्ग आणि आता रेल्वे. यातला एखादा पाय लुळा पडला तर गाव लंगडेल, पण कोसळणार नाही. खाण गावाला मात्र बहुधा एकच पाय असतो.

वणी पट्ट्यात चित्र काय आहे?

वर्धा नदीच्या खोऱ्यातला कोळसा चंद्रपूर आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांत पसरलेला आहे. यवतमाळच्या बाजूला मुख्यतः वणी तालुका येतो. उकणी, निलजई, कोलारपिंपरी, मुंगोली ही नावे या पट्ट्यातल्या खुल्या खाणींमुळे जिल्हाभर ठाऊक आहेत. राजूर गावाला तर लोक आजही ‘राजूर कॉलरी’च म्हणतात. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ मध्ये कोल इंडिया स्थापन झाल्यावर या खाणी नागपूरच्या वेस्टर्न कोलफिल्ड्सकडे, म्हणजे वेकोलिकडे आल्या.

वणी शहराचे कोलमानस्कोप होईल अशी शक्यता नाही. तिथे कापसाचा मोठा बाजार आहे, चुन्याचा व्यवसाय आहे, रेल्वे आहे. धोका आहे तो शहराभोवतीच्या छोट्या गावांना आणि कामगार वसाहतींना. त्याची कारणे दोन.

एक, खाणकामाची पद्धत बदलली. भूमिगत खाणीत माणसे जास्त लागतात. त्यांच्यासाठी वसाहत, शाळा, दवाखाना, बाजार उभा राहतो. खुल्या खाणीत तेच काम शॉवेल आणि डंपर करतात. कोल इंडियाच्या उत्पादनात आज ९० टक्क्यांहून अधिक वाटा खुल्या खाणींचा आहे. कोळसा जास्त निघतो, पण प्रत्येक टनामागे माणसे कमी लागतात. शिवाय वरची बरीच कामे, मातीउपसा आणि वाहतूक, कंत्राटदारांकडे असतात. कंत्राटी माणूस खाण असेपर्यंत राहतो, नंतर दुसऱ्या खाणीवर जातो.

दोन, इथली खाण गावाचा दुसरा पाय स्वतःच तोडते. कोलमानस्कोपला मुळात शेती नव्हती. वणीत होती आणि तीही काळी, कसदार. खुल्या खाणीसाठी ती जमीन जाते. कोळशावरची माती, म्हणजे ‘ओबी’, शेजारी टाकली जाते आणि सपाट शिवारात टेकड्या उभ्या राहतात. खाण संपते तेव्हा एका बाजूला पाण्याने भरलेला खोल खड्डा आणि दुसऱ्या बाजूला ढिगारा उरतो. परत जायला वावर राहत नाही.

दोन एकरांमागे एक नोकरी : हे गणित किती वर्षांचे?

कोळशासाठी जमीन प्रामुख्याने कोळसा क्षेत्र संपादन कायदा, १९५७ खाली घेतली जाते. कोल इंडियाच्या पुनर्वसन धोरणात दोन एकर जमिनीमागे एक नोकरी हे सूत्र आहे, शिवाय मोबदला वेगळा. पट्ट्यातल्या बहुतेक आंदोलनांची मागणी याच नोकरीभोवती फिरते आणि ते साहजिकच आहे. पगार महिन्याला येतो, पावसाची वाट पाहावी लागत नाही.

पण हिशेब मांडून पाहा. २५ व्या वर्षी लागलेला मुलगा ६० व्या वर्षी निवृत्त होतो. नोकरी ३५ वर्षांची. जमीन मात्र पिढ्यांची होती. सातबारावर चार भावांची नावे असतात, नोकरी एकाच्या नावे होते. खाणीचे आयुष्य त्याआधी संपले तर कर्मचाऱ्याची बदली दुसऱ्या क्षेत्रात होते. घर चालते, पण गाव सोडावे लागते. आणि जे भूमिहीन होते, म्हणजे त्या शेतावर मजुरीला जाणारे, गुरे राखणारे, गावात दुकान टाकून बसलेले, त्यांचे नाव सातबारावर कधीच नव्हते. खाण येताना त्यांना नोकरी मिळत नाही आणि खाण जाताना त्यांची नोंदही होत नाही. कोलमानस्कोपच्या फोटोंत बंगले दिसतात, बराकीत राहिलेले ८०० जण पुढे कुठे गेले ते क्वचितच कोणी विचारते. इथेही तेच होऊ शकते.

खाण बंद करण्याचे नियम नाहीत का?

आहेत. केंद्रीय कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये खाणबंदीची मार्गदर्शक तत्त्वे आणली आणि नंतर ती वेळोवेळी सुधारली. प्रत्येक खाणीला बंद करण्याचा आराखडा आधीच द्यावा लागतो आणि त्यासाठीचा पैसा दरवर्षी एस्क्रो खात्यात टाकावा लागतो. एस्क्रो म्हणजे असे खाते, ज्यातला पैसा कंपनीचा असतो पण ठरलेले काम झाल्याशिवाय तिला काढता येत नाही. २००९ च्या तत्त्वांनुसार हा दर खुल्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख आणि भूमिगत खाणीसाठी हेक्टरी १ लाख रुपये होता. त्या दराने ५०० हेक्टरच्या खुल्या खाणीसाठी ३० कोटी होतात. पुढे महागाईनुसार ही रक्कम वाढत जाते.

अडचण रकमेपेक्षा तिच्या उद्देशात आहे. यातला मोठा भाग खड्डा भरणे, ढिगाऱ्याचा उतार कमी करणे, कुंपण घालणे, झाडे लावणे अशा कामांसाठी असतो. ही कामे आवश्यकच आहेत. पण खड्डा सुरक्षित झाला म्हणजे गाव सुरक्षित झाले असे होत नाही. त्या परिसरातल्या माणसाने पुढे काय करायचे, याचा वाटा आराखड्यात छोटा असतो.

दुसरा पैसा जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा. २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर खाणबाधित जिल्ह्यांत हा निधी जमा होतो. कोळशावर रॉयल्टी किमतीच्या १४ टक्के आणि जुन्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या ३० टक्के रक्कम प्रतिष्ठानला द्यावी लागते. म्हणजे १०० रुपयांचा कोळसा विकला तर १४ रुपये रॉयल्टी आणि त्यावर ४ रुपये २० पैसे जिल्ह्याच्या प्रतिष्ठानला. रक्कम छोटी वाटली तरी टनांचा आकडा मोठा असल्याने निधी मोठा होतो. पण हा निधी कोळसा निघतोय तोवरच येतो. शेवटचा ट्रक गेला की तोही थांबतो, म्हणजे गरज सगळ्यात जास्त असते नेमकी तेव्हा. हे ओळखूनच २०१५ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत वार्षिक जमेतला काही वाटा शाश्वत उपजीविकेसाठी कायम ठेव म्हणून बाजूला ठेवायला सांगितले आहे. रस्ते आणि समाजभवने दिसतात, ठेव दिसत नाही. त्यामुळे तिची मागणी सहसा कोणी करत नाही.

जमिनीचे काय?

संपादित जमीन खाण संपली म्हणून आपोआप मूळ मालकाकडे परत येत नाही. कोळसा काढून झालेल्या जमिनीवर सौर प्रकल्प, विकासकामे किंवा इतर उपयोग करता यावेत यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये धोरण मंजूर केले. मालकी मात्र सरकारी कंपनीकडेच राहते. म्हणजे उद्या त्या ढिगाऱ्यावर सौर पॅनेल लागतील, पण त्या विजेच्या उत्पन्नात आधीच्या शेतकऱ्याचा वाटा असेल की नाही, हा वेगळा लढा आहे.

पुनर्वापराची छोटी उदाहरणे विदर्भातच आहेत. वेकोलिने नागपूर जिल्ह्यात पाटणसावंगीला खाणीतले पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ नावाने बाटलीबंद केले, सावनेरजवळ इको पार्क केला. कल्पना चांगल्या आहेत. पण एका पार्कमध्ये जितकी माणसे कामाला लागतात आणि एका खाणीवर जितकी कुटुंबे जगतात, त्यांतले अंतर फार मोठे आहे.

इतर देशांनी काय वेगळे केले?

जर्मनीच्या रूर खोऱ्यात दगडी कोळशाची खाणकामे थांबवण्याचा निर्णय २००७ मध्ये झाला आणि शेवटची मोठी खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. मध्ये ११ वर्षे मिळाली. या काळात नवी भरती आटली, वयस्कर कामगारांना लवकर निवृत्ती मिळाली, तरुणांना दुसऱ्या कामाचे प्रशिक्षण मिळाले. त्याच्या कितीतरी आधीपासून या भागात विद्यापीठे उभारली गेली होती. तिथेही बेकारी आली, गावे आकसली. पण कोणाला सकाळी उठून खाण बंद झाल्याची नोटीस वाचावी लागली नाही. त्यासाठी जर्मनीने अफाट पैसा ओतला, तेवढा आपल्याकडे नाही हे खरे. पण तारीख आधी सांगायला पैसा लागत नाही.

आता कोणते प्रश्न विचारायला हवेत?

भारताने २०७० पर्यंत नेट झिरोचे उद्दिष्ट ठेवले आहे. तोवर कोळसा लागणारच, चंद्रपूरचे २,९२० मेगावॉटचे महाऔष्णिक केंद्र उद्या बंद होणार नाही. पण प्रश्न देशाच्या कोळशाचा नाही, एकेका खाणीचा आहे. देशात कोळशाचे उत्पादन वाढत असतानाही एखादी खाण बंद होतेच, जशी १९०६ मध्ये वरोऱ्याची झाली.

त्यामुळे पट्ट्यातल्या प्रत्येक ग्रामसभेने तीन गोष्टी लेखी मागायला हव्यात. आपल्या खाणीचे मंजूर आराखड्यातले उरलेले आयुष्य किती वर्षे? खाणबंदीच्या एस्क्रो खात्यात आजवर किती रक्कम जमा झाली आणि ती कशावर खर्च होणार? आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठानने उपजीविकेसाठी कायम ठेव किती ठेवली? सार्वजनिक कंपनी आणि सरकारी प्रतिष्ठान, दोन्ही माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात. अर्जाची फी दहा रुपये.

कोलमानस्कोपमधली माणसे शेवटी निघून गेली, कारण तिथे त्यांचे मुळात काही नव्हते. वणी पट्ट्यातली माणसे खाणीच्या आधीपासून तिथली आहेत. खाण संपेल तेव्हा त्यांना तिथेच राहता यावे, यासाठीची तयारी खाण जोरात चालू असतानाच करावी लागते. कारण पैसा, नोकऱ्या आणि ऐकणारा अधिकारी, तिन्ही तोवरच गावात असतात.